दर रविवारी एक क्रेट: घरातल्या दिव्याखाली लहान रोपांचं न थांबणारं चक्र

घरात दिव्याखाली लेट्यूससारखी पालेभाजी करणारे बहुतेक जण सगळं बी एकाच दिवशी टाकतात. सहाव्या आठवड्यात सगळे गड्डे एकदम तयार होतात. घरातले सॅलड खाऊन कंटाळतात, अर्धे गड्डे शेजारी जातात, उरलेले दांडा धरून कडू होतात आणि पुढचा दीड महिना मांडणी रिकामी दिवे जाळत उभी राहते. अशा वेळी लोक दिव्याला किंवा खताला नावं ठेवतात. खरी चूक पेरणीच्या तारखांची असते.

इथे सांगितलेली पद्धत लेट्यूससाठी आहे. थोड्या फरकाने ती पाकचोय (एक चिनी पालेभाजी) आणि बेसिललाही चालते. यात माती नसते: बंद क्रेटमध्ये खताचं पाणी भरायचं आणि झाकणाच्या भोकांत रोपं बसवायची, म्हणजे मुळं पाण्यात उतरतात. मोजकी मोठी रोपं वाढवण्याऐवजी पुष्कळ लहान रोपं दाट लावायची, ती तरुण असतानाच काढायची आणि दर आठवड्याला एक नवी तुकडी आत आणायची, एवढाच हा खेळ आहे. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या मुळांसकट चिमुकल्या जुड्या मिळतात, त्याही याच तत्त्वावरच्या: दाट पेरा, कोवळं उपटा, लगेच पुन्हा पेरा.

आधी गणित, मग खरेदी

लेट्यूसचं बी पेरल्यापासून ८०-१०० ग्रॅमचा लहान गड्डा मिळेपर्यंत साधारण ४२ दिवस लागतात. त्यातले पहिले १४ दिवस रोपवाटिकेत, उरलेले २८ क्रेटमध्ये. दर सात दिवसांनी तोडणी हवी असेल तर २८ भागिले ७, म्हणजे चार क्रेट लागतात. दहा दिवसांनी हवी असेल तर तीन पुरतात. क्रेट किती घ्यायचे हे जागेवरून ठरवू नका. एक तुकडी क्रेटमध्ये किती दिवस राहते आणि तुम्हाला किती दिवसांनी भाजी हवी, या दोन आकड्यांवरूनच ते ठरवा.

६० × ४० सेंटिमीटरच्या क्रेटमध्ये पाच-पाच भोकांच्या तीन ओळी बसतात. दोन रोपांत १२-१३ सेंटिमीटर अंतर राहतं. पंधरा गड्डे म्हणजे आठवड्याला साधारण सव्वा किलो पाला. चौघांच्या घरात रोज सॅलड होत नसेल तर हे जास्तच आहे. तेव्हा एका क्रेटमध्ये दहा लेट्यूस आणि पाच पाकचोय लावले तरी चालतं, दोघांचं खताचं प्रमाण जमण्यासारखं आहे. पुदिना मात्र या क्रेटमध्ये घालू नका. त्याची मुळं महिनाभरात सगळीकडे गुंततात आणि शेजारचं एकही रोप सुटं निघत नाही.

मांडणी आणि क्रेट

१२० × ४५ सेंटिमीटरची स्लॉटेड अँगलची तीन खणी मांडणी घ्या. दोन खणांत क्रेट, तिसऱ्यात रोपवाटिका. दोन खणांमधलं अंतर ६० सेंटिमीटर ठेवा, त्याहून कमी ठेवलं तर गड्डे दिव्याला टेकतात. भरलेला क्रेट सुमारे ३० किलोचा होतो, म्हणजे एका खणावर ६० किलो आले. पातळ पत्र्याची चपलांची मांडणी हे वजन पेलत नाही. क्रेटचे खण खाली आणि रोपवाटिका वर ठेवली की मांडणी डुलतही नाही.

क्रेट बंद तळाचा आणि बंद भिंतींचा हवा, खोली साधारण १८ सेंटिमीटर. भाजीवाल्याचा जाळीचा क्रेट इथे कामाचा नाही. रंग गडद असावा, म्हणजे आत प्रकाश शिरत नाही. हातात फिकट क्रेट असेल तर बाहेरून आधी काळा आणि वरून पांढरा रंग द्या. नुसता पांढरा दिला तर उजेड आत जातोच आणि पाणी आठवड्याभरात हिरवं होतं.

झाकणासाठी ५ मिलिमीटरचा पांढरा सनबोर्ड क्रेटच्या मापाने कापा. तो कटरने सहज कापला जातो, ओला होऊन फुगत नाही आणि उजेड परत पानांवर फेकतो. भोकं दोन इंची नेट पॉटसाठी (जाळीदार छोट्या कुंड्यांसाठी) पाडायची आहेत. पॉटची कड भोकावर टेकली पाहिजे आणि धड आत गेलं पाहिजे. दुकानागणिक पॉटचं माप दोन-तीन मिलिमीटरने बदलतं, म्हणून आधी पॉट आणा, वर्नियरने किंवा पट्टीने मोजा, मग होल-सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) निवडा. सोळावं भोक कोपऱ्यात पाडा. त्यातून पाणी भरायचं आणि पातळी मोजायची, एरवी ते बुचाने बंद ठेवायचं.

हे बूच महत्त्वाचं आहे. उघड्या साठलेल्या पाण्यात डेंगीच्या डासाची अळी होते, आणि पावसाळ्यात महापालिकेचे लोक घरात येऊन पाहतात ते उगाच नाही. एकही भोक रिकामं ठेवू नका. रोप मेलं तर पॉट काढून तिथे सनबोर्डची चकती टाका.

उजेड

लेट्यूसला दिवसाला एका चौरस मीटरवर १२ ते १४ मोल (प्रकाशकण मोजायचं एकक) प्रकाश मिळाला की गड्डा घट्ट भरतो. सोळा तास दिवे लावले तर पानांच्या पातळीवर सेकंदाला २०० ते २५० मायक्रोमोल हवेत. हे मोजायचं यंत्र महाग असतं. पांढऱ्या एलईडीखाली ७० लक्स म्हणजे अंदाजे एक मायक्रोमोल धरा आणि मोबाइलमधल्या लक्स मीटरवर काम भागवा. फोन पानांच्या उंचीवर, पडदा वर करून ठेवा. क्रेटवर १४-१५ हजार लक्स दिसले पाहिजेत, रोपवाटिकेत ८-१० हजार पुरेत. मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत मोजा. कोपऱ्यात मध्याच्या निम्मंच दिसत असेल तर खणाच्या बाजूंना पांढरा सनबोर्ड लावा, दिव्याची एक पट्टी वाढवल्याइतका फरक पडतो.

बाजारात मिळणाऱ्या चार फुटी, २० वॉटच्या, २००० ल्युमेनच्या एलईडी पट्ट्या क्रेटच्या प्रत्येक खणाला पाच आणि रोपवाटिकेला तीन लागतात. रंग ४००० ते ६५०० केल्विन, कुठलाही चालतो. जांभळ्या उजेडाचे दिवे घेऊ नका. त्यात पानावरचा रोग आणि पिवळेपणा डोळ्याला दिसत नाही, आणि या पद्धतीत डोळा हेच मुख्य हत्यार आहे.

एकूण २६० वॉट, सोळा तास, म्हणजे रोज चार युनिटांहून थोडं जास्त, महिन्याला साधारण १२५ युनिट. महिन्याचं उत्पन्न पाच किलोच्या आसपास, म्हणजे किलोला २५ युनिट. हा हिशोब आधीच समजून घ्या. मेथी, माठ, चवळी अशा भाज्यांसाठी इतकी वीज जाळणं पटणारं नाही. लेट्यूस आणि बेसिल ताजे मिळत नाहीत किंवा महाग मिळतात, तिथेच हे परवडतं. पाकिटावर प्रति ज्यूल २.५ मायक्रोमोल किंवा जास्त असं छापलेला चांगला ग्रो लाइट घेतला तर तितक्याच उजेडाला जवळपास ४० टक्के वीज कमी लागते. सुरुवातीला जास्त गेलेले पैसे मग बिलातून वसूल होतात.

दिवे रात्री लावा. संध्याकाळी सहाला चालू, सकाळी दहाला बंद. दिव्यांची उष्णता दिवसाच्या गार तासांत पडते आणि दुपारचा उकाडा रोपांच्या अंधाराच्या वेळेत जातो. साध्या चकतीच्या टायमरचं घड्याळ वीज गेली की थांबतं. आठवड्यात चार वेळा दोन-दोन तास वीज गेली तर दिवे आठ तास सरकलेले असतात आणि ते लक्षातही येत नाही. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. पाणी आणि वीज एकाच मांडणीवर आहे, तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असलेल्याच लाइनवर जोडणी करा, एक्स्टेन्शन बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर टांगा आणि प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ आला तरी तो झोळातून खाली पडेल.

खत

कृषी सेवा केंद्रात गेलात की पहिलं पाकीट हातात पडतं ते तीन एकोणीसचं (१९:१९:१९). ते घेऊ नका. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. जमिनीतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात, क्रेटच्या पाण्यात ते नीट होत नाही. वर युरिया ईसी मीटरला (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातले क्षार मोजणाऱ्या यंत्राला) दिसत नाही, त्यामुळे मीटर एक सांगतो आणि रोप दुसरंच भोगतं. त्यात कॅल्शियमही नसतं.

चार साधी विद्राव्य खतं आणि सूक्ष्मअन्नद्रव्यं एवढंच लागतं. दोन वेगळ्या बाटल्यांत शंभरपट तीव्र द्रावण करून ठेवायचं.

बाटली अ, एक लिटर: कॅल्शियम नायट्रेट ५० ग्रॅम, १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह (ईडीटीए) १.७ ग्रॅम.

बाटली ब, एक लिटर: तेरा झिरो पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) ३० ग्रॅम, झिरो बावन्न चौतीस (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३० ग्रॅम, आणि हायड्रोपोनिक्ससाठीचं सूक्ष्मअन्नद्रव्यांचं मिश्रण पाकिटावरच्या प्रमाणात. त्या मिश्रणात आधीच लोह असेल तर अ मधलं लोह तेवढं कमी करा.

दर लिटर पाण्याला दोन्हींतलं १० मिलिलिटर. आधी पाण्यात अ टाकून ढवळा, मग ब. दोन बाटल्या एकमेकींत कधीच मिसळू नका. तीव्र द्रावणात कॅल्शियम फॉस्फेटशी आणि सल्फेटशी बांधला जातो, तळाला पांढरा गाळ बसतो आणि तो गाळ रोपाला कधीच मिळत नाही. शेतात फवारायचं सूक्ष्मअन्नद्रव्यांचं मिश्रणही इथे टाळा. त्यातलं जस्त आणि तांब्याचं प्रमाण पानावर फवारण्यासाठी ठरवलेलं असतं, पाण्यात सतत बुडालेल्या मुळांना ते जड जातं.

तयार पाण्यात नत्र साधारण ११५ पीपीएम, स्फुरद ३५, पालाश १५०, कॅल्शियम ९५, मॅग्नेशियम ३० पडतं. ईसी मूळ पाण्याच्या आकड्यावर सव्वा मिलिसीमेन्सच्या (mS/cm) आसपास चढते. लेट्यूसला एकूण १.२ ते १.५ ठीक, पाकचोयला १.८ पर्यंत चालते. स्वस्त टीडीएस मीटर असेल तर त्यावर ६०० ते ७५० दिसलं पाहिजे.

पाणी कुठलं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. धरणाचं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी सरळ वापरता येतं, एक रात्र उघड्या बादलीत ठेवून. बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर ३०० च्या वर दाखवत असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही क्रेटमध्ये घालू नका, त्यात मूळ पाण्यातले क्षार अधिकच दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) ५.६ ते ६.२ हवा. या खतातलं नत्र बहुतेक सगळं नायट्रेट आहे. मुळं नायट्रेट उचलतात तसा पीएच वर चढतो, म्हणून आठवड्यातून दोनदा बघावं लागतं. उतरवायला फॉस्फरिक आम्लाचं पातळ द्रावण वापरा, हातमोजे घालून, थेंबाथेंबाने. लिंबू किंवा व्हिनेगर टाकलं तर पीएच दोन दिवसांत परत वर येतो आणि पाण्यात जिवाणूंना खायला मिळतं ते वेगळंच.

रोपवाटिका

इथे हयगय झाली तर पुढे सावरता येत नाही. एका तुकडीतली पंधराही रोपं एका उंचीची असली तरच क्रेट एका दिवशी निघतो. एखादं रोप पुढे गेलं की ते शेजाऱ्याचा उजेड खातं, मागे पडलेलं मागेच राहतं, आणि महिन्याअखेरीस पंधरापैकी नऊच गड्डे घेण्याजोगे उरतात. म्हणून पंधरांसाठी वीस बिया टाकायच्या आणि चौदाव्या दिवशी सगळ्यात सारखी पंधरा निवडायची. उरलेली पाच कोवळी खाऊन टाका. जीव गुंतवून ती कुठेतरी कोंबायची सवय या पद्धतीला मारक आहे.

प्रोट्रेमध्ये (रोपांच्या खाचांच्या ट्रेमध्ये) धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरा. पिळल्यावर दोन-चार थेंब पडतील इतकंच ओलं. लेट्यूसचं बी उगवायला उजेड लागतो, तेव्हा ते वरच ठेवून बोटाने हलकं दाबा, पुरू नका. खोलीचं तापमान २८ अंशांच्या वर असेल तर बी झोपी जातं. पेरलेला ट्रे पिशवीत घालून चोवीस तास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला की ही अडचण सुटते. बाहेर काढल्यावर दोन-तीन दिवसांत कोंब दिसतो. दिसला की त्याच तासाला दिव्याखाली. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबुडकी होतात, आणि लांबुडकं रोप क्रेटमध्ये आडवं पडतं.

पहिलं खरं पान दिसेपर्यंत साधं पाणी, पुढे निम्म्या ताकदीचं खत: लिटरला अ आणि ब प्रत्येकी ५ मिलिलिटर. पाणी ट्रेच्या खालून द्या आणि वीस मिनिटांनी उरलेलं ओतून टाका. वरून शिंपडलं, कोकोपीट सतत चिंब राहिलं, की बुंध्याशी काळी बारीक रेघ येऊन रोप कोलमडतं. या मरीवर औषध शोधत बसू नका. तो ट्रे टाकून द्या, पाणी कमी करा, पंखा लावा.

तीन-चार पानं आणि ट्रेच्या खालून डोकावणारी पांढरी मुळं दिसली की रोप क्रेटला तयार.

पाण्याची पातळी

मुळांना पाणी पाहिजे आणि हवाही. पंपाशिवाय हे कसं जमवायचं ते अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांनी दाखवून दिलं, आणि त्यांची रीत घरासाठी सगळ्यात भरवशाची आहे. सुरुवातीला पॉटचा तळ पाण्यात अर्धा सेंटिमीटर बुडेल इतकंच भरायचं. वर सांगितलेल्या मापाच्या क्रेटमध्ये हे साधारण २८ लिटर होतं, म्हणजे अ आणि ब प्रत्येकी २८० मिलिलिटर.

रोप पाणी पितं, पातळी उतरते, झाकण आणि पाणी यांच्यात हवेची पोकळी तयार होते. आठ-दहा दिवसांनी झाकणाचा एक कोपरा उचलून आत नीट पाहा. वरच्या भागात, ओलसर हवेत, दाट, आखूड, बारीक केसांची पांढरी मुळं दिसतील, आणि खाली पाण्यात लांब, जवळजवळ गुळगुळीत मुळं सोडलेली असतील. वरची हवा घेतात, खालची पाणी आणि खत. हा भेद पाहिला की पुढचा नियम आपोआप कळतो: पातळी एकदा उतरली की पुन्हा काठोकाठ भरायची नाही. भरली तर हवेला सरावलेली मुळं गुदमरतात आणि भर पाण्यात रोप माना टाकतं. लोक ते पाहून आणखी पाणी ओततात आणि तुकडी हातची जाते.

साधारण तिसऱ्या आठवड्यात क्रेटमध्ये पाच-सहा सेंटिमीटर पाणी उरतं. त्यात निम्म्या ताकदीचं खताचं पाणी घालून पातळी तळापासून सात सेंटिमीटरवर आणा आणि शेवटपर्यंत तिथेच राखा. निम्म्या ताकदीचं अशासाठी की उकाड्यात रोप खतापेक्षा पाणी जास्त उचलतं आणि उरलेलं दाट होत जातं.

रविवारचं काम

चारही क्रेटना क, ख, ग, घ अशी नावं द्या आणि प्रत्येकावर पेरणीची, लावणीची आणि तोडणीची तारीख खडूने लिहा. तिसरी तारीख सोडून आधीच्या दोन लिहिणारे पुष्कळ असतात. खरी कामाची तिसरीच आहे, कारण तो क्रेट त्या दिवशी रिकामा झालाच पाहिजे. गड्डे लहान राहिले तरी काढायचे. आणखी चार दिवस थांबलं की मागची तुकडी रोपवाटिकेत दाटते, लांबुडकी होते, आणि तो उशीर पुढच्या सहा आठवड्यांत प्रत्येक तुकडीला चिकटतो.

सकाळी दहाच्या आत, दिवे बंद होण्याआधी, तोडणी करा. प्रकाश भरपूर मिळाल्यानंतर पानातलं नायट्रेट सर्वांत कमी असतं, अंधारात ते पुन्हा वाढतं. मुळांसकट काढून बुडखा पाण्याच्या पेल्यात ठेवून फ्रीजमध्ये ठेवला तर गड्डा आठवडाभर ताजा राहतो.

रिकाम्या क्रेटमधली मुळांची गुंतवळ काढून टाका. पाणी गॅलरीतल्या किंवा गच्चीवरच्या कुंड्यांना घाला. क्रेट, झाकण आणि पॉट घासून, लिटरला १० मिलिलिटर घरगुती ब्लीच घातलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा आणि दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीच आणि पीएच उतरवायचं आम्ल एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो. मग क्रेट भरा, पीएच लावा, चौदा दिवसांची पंधरा रोपं बसवा, नव्या वीस बिया पेरा. सरावाने हे सगळं दीड तासात होतं. कितीही कंटाळा आला तरी पेरणी ढकलू नका. चुकलेल्या पेरणीचं भोक सहा आठवड्यांनी ताटात दिसतं.

बिघाड आणि त्यांची कारणं

आतल्या कोवळ्या पानांची टोकं तपकिरी होऊन करपली, तर कॅल्शियम कमी आहे असं समजून लोक खत वाढवतात. पाण्यात कॅल्शियम असतंच, ते टोकापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं, आणि गड्ड्याच्या पोटात हवा हलत नसेल तर तिथून पाणी उडतच नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे हमखास होतं. उपाय पंख्याचा आहे: प्रत्येक खणात १२ सेंटिमीटरचा संगणकातला पंखा, चोवीस तास, पानं जेमतेम थरथरतील इतक्या वेगाने. तरी थांबलं नाही तर शेवटच्या आठवड्यात एक पट्टी बंद करा, वाढ जरा मंदावली की करपणं थांबतं.

मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारी असतील तर पाणी तापलेलं आहे. २५ अंशांच्या वर पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मूळकुज बसते. एक लिटरची बर्फ झालेली बाटली २८ लिटरचा क्रेट साडेतीन-चार अंशांनी उतरवते. दुपारी एक टाकली की वेळ निभावते. कुजलेला क्रेट मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नका, पाणी ओतून सगळं ब्लीचने धुवा.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर पीएच पाहा, तो बहुतेक साडेसहाच्या वर गेलेला असतो. लोह पाण्यात असूनही मग मुळांना घेता येत नाही. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र संपलं आहे, ईसी मोजा.

घरात दाराबाहेरच्या झाडांवरूनच मावा आणि फुलकिडे येतात, कधी बाजारच्या कोथिंबिरीच्या जुडीबरोबरही. प्रत्येक खणात एक पिवळा चिकट सापळा टांगा आणि रविवारी त्यावरचे किडे मोजा. मावा दिसला तर ते पान तोडा, उरलेल्याला पाण्याचा फवारा मारा. सहा आठवड्यांच्या कच्च्या खायच्या भाजीवर रासायनिक औषध मारण्यात काहीच अर्थ नाही. दर आठवड्याला एक क्रेट पूर्ण रिकामा होऊन धुतला जातो, त्यामुळे किडीला ठाण मांडायला फारसा वेळ मिळत नाही, हा या चक्राचा मोठा फायदा.

बेसिलचं वेगळं

बेसिल बियांपासून सुरू करायला वेळ लागतो, म्हणून दोन मातृरोपं कुंडीत राखून त्यांच्या काड्या घ्या. पेराच्या खाली कापलेली १० सेंटिमीटरची, फुलावर न आलेली काडी, खालची पानं काढून पेल्यातल्या पाण्यात ठेवली की सात ते दहा दिवसांत मुळं फुटतात. पाणी रोज बदला. सगळ्या काड्या एका रोपाच्या असल्याने वाढही एकसारखी होते, बियांत हे कधी जमत नाही. रोप १५-२० सेंटिमीटर झालं की दुसऱ्या पानजोडीच्या वर कापा, तिथून दोन फांद्या फुटतात. तीन-चार कापण्यांनंतर खोड लाकडी होतं, तेव्हा नवी काडी लावा. मातृरोपंही तीन-चार महिन्यांनी बदला. जुन्या रोपात रोग असला तर तो प्रत्येक काडीबरोबर सगळ्या मांडणीवर पसरतो.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये पुण्यात खोलीत ३४ अंश असताना लेट्यूसचा हट्ट धरू नका, नागपूर-अकोल्यात तर नाहीच. २८ च्या वर तो दांडा धरतो आणि चीक कडू होतो. एसीच्या खोलीत मांडणी असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून लेट्यूस पेरणं थांबवा, म्हणजे शेवटची तुकडी एप्रिलच्या मध्याला निघते. ती निभावायला दुपारच्या बर्फाच्या बाटल्या कामी येतात. तेव्हापासून रिकामा होणारा प्रत्येक क्रेट बेसिलला द्या, त्याला ३० अंशांपर्यंतचा उकाडा मानवतो आणि त्यावरही तो तग धरतो. पाण्यातली कलमीची भाजी तर उकाड्यात आणखी जोमाने वाढते. तिच्या बाजारातल्या जुडीच्याच जाड काड्या, दोन पेरं पाण्यात बुडवून, थेट पॉटमध्ये लावता येतात आणि तीन आठवड्यांत कापायला येतात. पाऊस स्थिरावून खोली २८ च्या खाली आली की लेट्यूसच्या पहिल्या वीस बिया टाका. पुढच्या तीन रविवारी वीस-वीस, आणि चारही क्रेट पुन्हा रांगेत येतील.